मोरितासानना पाठवायचं कार्ड

श्यामसुंदर करंदीकर सदाशिव पेठेत जपानी शिकवतात. वर्ग सहाला म्हणजे सहाला. सहा वाजून एक मिनिटाने आलेल्याला ते आत घेतात, पण अशा नजरेने, की पुढच्या वेळी तो पावणेसहालाच जिन्यात बसलेला असतो. जपान्यांना वक्तशीरपणा आपणच शिकवला, हा पेठेचा समज त्यांनी आजवर खोडून काढलेला नाही.

गेली बत्तीस वर्षं ते नागोयाच्या आपल्या स्नेह्यांना, मोरितासानना, नववर्षाचं कार्ड लिहीत आले. अक्षर छापल्यासारखं. खाली उरलेल्या जागेत त्यांच्या पत्नी उल्काताई मराठीत एक ओळ ठोकून देत: "थंडी असेल, कान बांधा."

"अगं, त्यांना मराठी येत नाही!"

"कान तर आहेत ना?"

यंदा आषाढात उल्काताई गेल्या.

घरात मृत्यू झाला, तर जपानी माणूस त्या वर्षी नववर्षाच्या शुभेच्छा देत नाही, घेतही नाही. डिसेंबर उजाडायच्या सुमारास तसं कळवणारं साधं कार्ड पाठवतो. सर हे दर वर्षी शिकवत. यंदा कोरं कार्ड तीन आठवडे त्यांच्याच टेबलावर पडून होतं. लिहिलं, की ते खरं झालं असतं. आणि न लिहावं, तर जानेवारीत मोरितासानकडून दोघांच्या नावाने अभिनंदन येणार, हे ठरलेलं.

शेवटी त्यांनी तो धडाच वर्गात घेतला.

"नातं, वय, महिना. बाकी मजकूर ठरलेला. त्याखाली एक अक्षरही जादा लिहायचं नाही. शोभत नाही."

"सर, नातं कोणतं घेऊ?" पहिल्या बाकावरच्या वल्लरीने विचारलं. "आजोबा?"

सर फळ्याकडे वळले. "पत्नी घ्या."

"वय?"

"चौसष्ट. महिना जुलै."

कुणाचंच पेन हललं नाही. एरवी सर "झोपलात का?" म्हणून खेकसले असते. त्यांनी मजकूर फळ्यावर लिहिला, मग खुर्चीत बसून तोच कार्डावर उतरवला. साडेसात वाजून गेले. वर्ग सुटायची वेळ टळली, तरी कुणी उठलं नाही.

कार्डावर खाली जागा उरली होती. सरांनी पेनाला टोपण लावलं. पुन्हा काढलं. आणि मराठीत लिहिलं: "थंडी असेल, कान बांधा."

वल्लरीला ते दिसलं. "सर, जादा लिहायचं नाही ना?" ती हळूच म्हणाली.

"तुम्ही नाही लिहायचं," सर म्हणाले, आणि त्यांनी पत्ता घालायला घेतला.