मामांचा वाटा

माशांना आयुष्यभर सर्वांत कमी त्रास जर कुणी दिला असेल, तर तो आमच्या हिच्या मामांनी. म्हणजे त्रास देण्याचा प्रयत्न त्यांनी पुष्कळ केला. शिमगा झाला, काळू नदीचं वाहतं पाणी तुटलं आणि डोह वेगवेगळे झाले की मामांच्या अंगात यायचं. पण गळ टाकून बसलेल्या मामांच्या समोरून मासे ज्या निर्धास्तपणे फिरत, तशा शहापूरच्या नाक्यावर म्हशीसुद्धा फिरत नाहीत. मला स्वतःला मासा फक्त ताटात ओळखता येतो. तरी दर चैत्रात मला त्यांच्याबरोबर जावं लागे, कारण मी भाचजावई, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच चैत्रात मी भिडेपोटी ‘हो’ म्हणून बसलो होतो. नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. माणसानं भिडेपोटी किती वर्षं उन्हात बसावं याला काही मर्यादा असते असं मला तेव्हा वाटायचं.

मामा रेल्वेत होते, कसाऱ्याला. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिन लावून ढकलतात, त्या इंजिनावर. स्वतःच्या नोकरीबद्दल ते एवढंच सांगत, “गाडी वर गेली का आमी सुटून खाली. नाव पुढच्या इंजिनाचं.” शहापुरात आमच्या मागच्याच आळीत त्यांचं घर होतं, आणि त्या घरात माघ संपता संपता गांडुळांचा संसार सुरू व्हायचा. लोणच्याच्या जुन्या बरणीत ओली माती, वर चहाचा चोथा, आणि ती बरणी पाण्याच्या माठाच्या मागे, गारव्याला. एकदा पाहुणे जेवायला बसलेले असताना मामींनी घाईघाईत लोणच्याची म्हणून तीच बरणी उघडली आणि चमचा घातला. पाहुणे पुन्हा जेवायला आले नाहीत. मामांना वाईट वाटलं ते गांडुळांचं. “चमच्यानं जखमी झाली बिचारी,” असं ते आठवडाभर म्हणत होते. मामींनी कपाळाला हात लावला, आणि माझ्या माहितीप्रमाणे तो त्यांनी पुढे कधी फारसा खाली घेतलाच नाही.

विहारात पंचशील म्हणताना पहिल्या शीलापाशी, प्राणिहत्या न करण्याच्या ओळीशी, मामा हटकून खाकरायचे. एकदा भन्तेजींनी हसत विचारलंच. मामा म्हणाले, “भन्ते, मी गळ टाकतो, पन मासा लागत नाय. म्हंजे शील पाळतोयच ना मी?” भन्तेजी म्हणाले, मग गळ टाकताच कशाला? मामा जरा घुटमळले आणि म्हणाले, “मंडळी जमतात म्हनून.”

मंडळी म्हणजे तिघं. किन्हवलीचे टेलर, एसटीतले एक ड्रायव्हर आणि मुरबाडकडच्या शाळेतले गुरुजी. ही तीन माणसं एरवी एकमेकांच्या वाटेला जाण्याचं काही कारण नव्हतं. मामांनी ती कुठून कुठून गोळा केली होती आणि पाडव्यानंतरच्या रविवारी ती शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या मधल्या एका डोहावर आणून बसवली होती. डोह नक्की कुठे ते मामा कुणाला सांगत नसत. मलाही पहिली दोन वर्षं त्यांनी मुद्दाम आडवाटेनं फिरवून नेलं, आणि तिसऱ्या वर्षी मला कळलं की डोह रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. काठावर बोलायचं नाही असा त्यांचा कडक नियम. हा नियम ते दिवसभर आम्हाला समजावून सांगत, मोठ्या आवाजात. डोहातले सगळे मासे तो ऐकून पलीकडच्या कडेला जात आणि तिथे बसलेल्या टेलरांच्या गळाला लागत. टेलर मितभाषी माणूस. दर खेपेला फक्त मान हलवायचे आणि मासा टोपलीत टाकायचे.

पण आम्ही जमायचो ते खरं वाट्यांसाठी. ऊन कलतं झालं की ज्याचे त्याचे मासे एका ढिगात ओतायचे. कुणी किती धरले हे तिथेच पुसलं जायचं. मग मामा पळसाची पाच पानं मांडत आणि त्यांवर वाटे घालत. पाण्याकाठी सुरी काढायची नाही हा दुसरा नियम, त्यामुळे मासा अख्खाच जायचा. एका पानावर हातभर मरळ, दुसऱ्यावर वाम, तिसऱ्यावर बोटभर चिंगळ्या आणि शेवटच्या पानावर एखादा खेकडा, असा प्रकार. कुणाच्या नशिबी काय हे ठरवायला एकानं पाठ फिरवून बसायचं. मामा एकेका पानाला हात लावून विचारणार, “हा कोनाचा?” आणि पाठमोऱ्यानं न बघता नाव घ्यायचं. नाव निघालं की वाटा त्याचा, मग बदल नाही. पाठमोरं बसायला मी, कारण मासे बघितले काय न बघितले काय, मला सारखंच.

पहिल्या वर्षी पाठ फिरवायच्या आधी मामांनी मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, “जावयबापू, मी खाकरलो का माझं नाव घ्या.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोयरीक जुळवताना माझ्या वडिलांनी सगळी चौकशी केली होती, पण मुलीचा मामा माशापायी लबाडी करतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या पानाला मामा खाकरले. मी मुकाट्यानं “मामा” म्हणालो आणि मान खाली घालून वळून बघितलं. मामांच्या पानावर एक खेकडा होता, त्याचा एक नांगा तुटलेला. मरळ ड्रायव्हरना गेली होती आणि ते तिच्याकडे नव्या नवरीकडे बघावं तसे बघत होते.

परतताना मी विचारलं तेव्हा मामांनी शांतपणे सांगितलं, “बोलावतो मी. बोलावनाऱ्याच्याच घरी मोठा मासा गेला तर मंडळी पुढच्या साली येतील का? आन ज्या साली वाटे पडनार नाय, त्या साली मंडळी फुटली समजा.” माणसाला एवढीच भीती होती. ना आजाराची, ना म्हातारपणाची. चार माणसं एका डोहावर यायची थांबतील, ही. घरी मामी दर वर्षी तो खेकडा हातात घेऊन म्हणायच्या, “डोहात दुसरं काय नसतंच का?” आणि मामा म्हणायचे, “नशीब आपलं.”

पुढे डोहात खरोखरच दुसरं काही राहिलं नाही. नदीकाठाला फार्महाऊस झाली, त्यांनी पात्रात पाणी उपसणाऱ्या मोटारी टाकल्या. कुणी रात्रीतून येऊन पाण्यात जिलेटीन फोडून जायचं आणि सकाळी पांढरी पोटं वर आलेली दिसायची, बोटभर पिल्लांसकट. एका चैत्रात आम्ही दिवसभर बसलो आणि टेलरांनीसुद्धा मान हलवली नाही. मी मामांकडे बघत होतो. एवढं बोलणारा माणूस नुसता पाण्याकडे बघत होता. नदी मरते ती अशी आपल्या डोळ्यांदेखत मरते आणि आपण हातात काठी धरून बसलेले असतो. कुणाला सांगावं, कुठे सांगावं काही कळत नाही. मी तर शहापूरच्या तहसील कचेरीत बसणारा कारकून. मला तरी कळायला हवं होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र चमत्कार झाला. मामा सकाळीच डोहाच्या वरच्या अंगाला एकटे गेले आणि दुपारी पाच रोहू घेऊन आले, एकसारखे, एका मापाचे. गुरुजींनी एक उचलला आणि त्याच्या कल्ल्यातून बर्फाचा खडा त्यांच्या तळहातावर पडला. चैत्राचं ऊन, दगडाला पाय ठेवला तर चटका बसत होता. गुरुजींनी तो खडा बघितला, मूठ मिटली आणि तो विरघळेपर्यंत हात पाठीमागे धरून उभे राहिले. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडणारा माणूस. मग म्हणाले, “यंदा पानी गार दिसतंय वरच्या अंगाला.” टेलरांनी मान हलवली. वाटे पडले. पाचही सारखे असल्यामुळे मामांची पंचाईत झाली, कुठे खाकरावं ते त्यांना कळेना, आणि शेवटी एका रोहूची शेपटी जरा फाटलेली निघाली तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. नंतरची काही वर्षं असंच चाललं. पाणी वरच्या अंगाला गारच राहिलं.

पण वाटे पडत राहिले तरी मंडळी टिकली नाहीत. गुरुजींना मुलानं नागपूरला नेलं. ड्रायव्हरांची साखर वाढत गेली आणि एका पावसाळ्यात ते गेले. तयार कपड्यांपुढे टेलरांचं दुकान बंद पडलं, डोळेही अधू झाले. ते मात्र यायचे. मामा पानं पाचच मांडत. “ड्रायव्हर” असं मी पाठमोऱ्यानं म्हणायचो आणि मामा तो वाटा घेऊन एसटीनं त्यांच्या घरी पोचवायचे. गुरुजींचा वाटा शाळेजवळच्या त्यांच्या भावाकडे. मी एकदा वैतागून म्हणालो, मामा, आता पुरे करा. मामा म्हणाले, “तुमी नुसती नावं घ्या. पोचवायचं माझ्याकडं.”

शेवटच्या चैत्रात मामांची छाती भरलेली होती. चार पावलं चालले की थांबायचे. बाजारात जाऊन वरच्या अंगाचं गार पाणी आणण्याची ताकद नव्हती, त्यामुळे आम्ही तिघं खरोखरच गळ टाकून बसलो, आणि मला खात्री होती की आज वाटे पडणार नाहीत. मामांनाही होती. त्यांनी नियमाबियमावर भाषण केलं नाही, खोकण्यातच सगळा दम जात होता. दुपारी टेलरांना चार-दोन चिंगळ्या आणि एक खेकडा मिळाला. आणि मग मामांची काठी वाकली. एवढ्या वर्षांत ती वाकलेली मी प्रथमच बघत होतो. मरळ होती, हातभर. कुठे लपून राहिली होती कोण जाणे. मामा तिच्याकडे बघून एवढंच म्हणाले, “चला, वाटे तर पडतील.”

पाच पानं मांडली गेली. मी पाठ फिरवली. “हा कोनाचा?” आणि मागून खोकल्याची उबळ. मी थांबलो. ही छाती की खूण? मला वाटलं छाती. “टेलर,” मी म्हणालो. “हा कोनाचा?” पुन्हा उबळ. मी घाबरून स्वतःचं नाव घेतलं. तिसऱ्याला तसंच, चौथ्याला तसंच. “गुरुजी.” “ड्रायव्हर.” पाचवं पान राहिलं आणि नावही एकच राहिलं. मी वळून बघितलं तर मामांच्या हाताखाली मरळ होती. खेकडा माझ्या पानावर वळवळत होता.

“जावयबापू,” मामा म्हणाले, “मी खाकरलो तवा ऐकलं नाय का तुमी?”

“मामा, तुम्ही सगळ्यांनाच खाकरलात.”

ते खाली बसले. नियम त्यांचाच होता, नाव निघालं की बदल नाही. टेलरांनी मान हलवली. मामा त्या मरळीकडे बघत मला म्हणाले, “ही घेऊन आता मी घरी काय तोंड दाखवू?” मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी त्यांना धरून रस्त्यापर्यंत आणलं, मरळ त्यांच्या पिशवीत, आणि वाटभर त्यांनी ती पिशवी माझ्या हातात दिली नाही. दारात मामींनी पिशवी उघडून बघितली. “कोनाची आनलीत ही?” त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, “माझीच.” मामींचा विश्वास बसला नाही. रात्री कालवण झालं. मामांना दोन घासांपलीकडे गेलं नाही, आणि त्यांनी वाट्या भरून अर्ध्या आळीला जेवू घातलं. आमच्याकडेही एक वाटी आली.

त्या पावसाळ्यात मामा गेले.

पुढच्या चैत्रात पाडव्यानंतरच्या रविवारी टेलर माझ्या दारात उभे. कुणी बोलावलं नव्हतं. आम्ही डोहावर गेलो. डोह म्हणण्यासारखं काही नव्हतं, गुडघाभर गढूळ पाणी आणि भोवती तडकलेला चिखल. संध्याकाळपर्यंत एक खेकडा मिळाला. टेलरांनी पाच पानं मांडली, चार रिकामी. मला हे सगळं सोडून पळून जावंसं वाटत होतं, पण मी पाठ फिरवली. “हा कोनाचा?” टेलरांनी विचारलं. मी उगीचच थोडा थांबलो. मागे काहीच आवाज आला नाही. “मामा,” मी म्हणालो.

अंधार पडता पडता आम्ही तो खेकडा मामींकडे पोचवला. मामींनी पानाची गाठ सोडली, दिव्याखाली नेऊन नीट बघितलं आणि मग कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा जरा निवळला. “हां,” त्या म्हणाल्या, “हा आमचाच,” आणि आत जाऊन त्यांनी चुलीवर कालवणाची तवली ठेवली.