मर्दान्याच्या बाजूने

दादा टहलराम गुरू नानकांची गोष्ट नेहमी मर्दान्याच्या भुकेपासून सुरू करायचे. गुरूंचा जन्म, त्यांचं तेज, त्यांचा दूरदूरचा प्रवास हे सगळं नंतर. आधी मर्दाना, म्हणजे गुरूंचा मुसलमान सोबती, खांद्यावरचा तारांचा रबाब उतरवून रानात कुठेतरी बसकण मारणार आणि म्हणणार, की पोटात काही गेल्याशिवाय मी पुढे पाऊल टाकणार नाही. मग दादा आम्हाला विचारायचे, गुरूंनी काय केलं असेल? आम्ही आपलं काहीतरी थोर उत्तर द्यायचो. दादा मान हलवायचे. "रुक गया, साईं. और क्या करेगा? यार भूखा है तो रुकना पडता है."

हे सगळं मी ऐकलं ते कॅम्पातल्या दवाखान्याच्या बाकावर. मी तिथे कंपाउंडर होतो आणि बेलवलीहून रोज यायचो. फाळणीला दोन-तीन वर्षं झाली होती. लष्कराच्या रिकाम्या बरॅकींत सिंधमधून आलेली माणसं गोणपाटाचे पडदे लावून संसार करत होती. दादा डोळ्यांत औषध घालून घ्यायला येत आणि डोळे मिटल्या मिटल्या गोष्ट सुरू करत. औषधाच्या रांगेतली माणसं कण्हायचं विसरून ऐकत. एकदा मी आगाऊपणा केला. म्हटलं, गुरूंची शिकवण सांगायची सोडून या मर्दान्याचं काय घेऊन बसता? ते म्हणाले, शिकवण छोटी आहे: कष्ट करा, वाटून खा, नाम घ्या, ती पोपटालाही पाठ होते. "बाकी सब मर्दाना है," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

सिंधमधल्या शिकारपूरजवळच्या एका गावात दादांचा टिकाणा होता. टिकाणा म्हणजे जिथे ग्रंथसाहेब ठेवून कीर्तन चालतं ती जागा. दादा गायचे आणि शेजारी अल्लाडिनो नावाचा मुसलमान रबाब वाजवायचा. त्यांच्या आधी त्या दोघांचे बापही असेच बसत आले होते. गाव सोडताना अल्लाडिनोने दादांचं गाठोडं डोक्यावरून स्टेशनपर्यंत आणलं. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून रबाब आत देऊ लागला. दादा म्हणाले, ठेव तुझ्याकडेच, मी काय, महिन्याभरात परत येतो.

कॅम्पात एका बरॅकीच्या टोकाला पुन्हा टिकाणा उभा राहिला. लंगर सुरू झाला, सगळे एका पंगतीत जेवू लागले. दादा पोथी वाचत, पण गात नसत. लोकांनी पेटी आणून दिली, तिला त्यांनी हात लावला नाही. तारेशिवाय गळा उघडत नाही, एवढंच म्हणायचे. आणि मग मला, कुणी सांगितलेलं नसतानाही, मध्ये पडायची बुद्धी झाली.

बदलापूरला मेहबूबचाचा टांगा हाकायचे. सारंगी उत्तम वाजवायचे. आमच्या बेलवलीच्या सप्त्यात कीर्तनकाराच्या मागे वर्षानुवर्षं तेच बसत. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं, म्हणून मलाही वाटलं नाही. मी त्यांना दादांकडे घेऊन आलो. तीन रविवार दवाखान्याच्या मागच्या पडवीत दोघे बसले. पहिल्या रविवारी दादांनी नुसतं ऐकलं. दुसऱ्या रविवारी त्यांनी तोंड उघडलं, आणि साठीच्या त्या माणसातून असा आवाज निघाला की मी बाटल्या धुवायचं विसरलो. मी देवधर्मातला माणूस नव्हे, पण त्या दिवशी मला रडू आलं. तिसऱ्या रविवारी ठरलं, की कार्तिक पौर्णिमेला, गुरूंच्या जन्मदिवशी, टिकाण्यात गायचं.

पौर्णिमेच्या सकाळी बरॅक भरून गेली होती. मेहबूबचाचा धुतलेला सदरा घालून, डोक्याला रुमाल बांधून दारात उभे राहिले. दादांनी त्यांना हाताने खूण केली. तेवढ्यात लंगरच्या पोळ्या लाटणारी झमटीबाई उठली. कराचीला बोटीची वाट बघत असताना दंगलीत तिचे दोन मुलगे मारले गेले होते. मला हे ठाऊक होतं. तिच्या झोपेच्या पुड्या मीच बांधून द्यायचो. ती ओरडली नाही. पिठाचे हात पुसून म्हणाली, "दादा, ये बैठेगा तो मैं जाती हूँ." तिच्या मागे आणखी दहा-बारा बायका उठल्या, मग पुरुष.

दादांनी एकदा पोथीकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साईं, इनको आज वापस ले जाओ."

मेहबूबचाचांनी सारंगी खोळीत घातली. आम्ही टांग्यापर्यंत पोचतो तोच दादा मागून आले, हातात पत्रावळ, तीवर डाळ-पोळी आणि प्रसादाचा शिरा. ज्या लंगरात राजालाही पंगतीतच बसावं लागतं, त्याचं अन्न त्या दिवशी एका माणसाला बाहेर उभ्याने वाढलं गेलं, आणि वाढणारे दादाच होते. चाचा निमूटपणे सगळं जेवले. दादा आत गेले, पेटी पुढे ओढली आणि गायले. फार सुंदर गायले. झमटीबाईसकट सगळी बरॅक रडली.

त्यानंतर त्यांनी मर्दान्याची गोष्ट कधी सांगितली नाही. दवाखान्यात यायचे, औषध घालून घ्यायचे आणि निघून जायचे. रांगेतल्या कुणी आग्रह केला, तर म्हणायचे की विसरलो. एकदा एकटेच बदलापूरला टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन आले. चाचांनी त्यांना चहा पाजला, आपल्या घोंगडीवर बसवलं, स्टेशनपर्यंत फुकट सोडलं. सारंगीचं नाव मात्र दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

दोन वर्षांनी दादांना न्यूमोनिया झाला. मी इंजेक्शन द्यायला जायचो. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी माझा हात धरला. "गुरू सारी उमर चला मर्दाने के साथ," ते म्हणाले. "मेरे को दरवाजे से गादी तक लाना था. दस कदम." मी समजूत काढायला गेलो, की तुम्ही काय करणार, झमटीबाईनेच तर... त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "वो सच बोली. झूठ मैंने गाया." संध्याकाळच्या आत ते गेले.

दुसऱ्या दिवशी मी अड्ड्यावर जाऊन मेहबूबचाचांना सांगितलं. दादांचे ते शेवटचे शब्दही सांगितले. मला वाटलं होतं, त्यांना तेवढाच दिलासा मिळेल. ऐकून ते म्हणाले, "तुमी मला इचारलं, दादांना इचारलं. त्या बाईला इचारलं होतं का कुनी?"

तिला विचारायचं मला सुचलंच नव्हतं. तिच्या पुड्या दर आठवड्याला माझ्याच हातून जात होत्या आणि तिला न विचारता मी तिच्यासमोर माणूस आणून उभा केला होता. दादा चूक आपली म्हणून गेले. त्या चुकीतला माझा वाटाही त्यांनी उचलला, आणि त्या दुपारी त्यांचा हात हातात असताना मी त्यांना तो वाटा उचलू दिला.