तलावाजवळ रेंज नाही

आधीच सांगते, मी भूतबित मानणारी बाई नाही. माझं कामच हेल्पडेस्कचं. दिवसभर लोकांचे फोन, "मॅडम, आपोआप झालं." आपोआप काही होत नसतं हो! कुणीतरी काहीतरी दाबलेलंच असतं. रस्त्यात टाकलेलं लिंबू ओलांडून जाणारी मी... पण हे जे झालं त्याचं काय करायचं, मला आजही कळलेलं नाही.

आम्ही खांदेश्वरला राहतो. जुनी चार मजली सोसायटी, आमचं घर सगळ्यात वर आणि लिफ्ट नाही. नवरा जहाजावर, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात मी आणि सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो.

नाना म्हणजे पायाला भिंगरी. रिटायर झाल्यापासून रोज संध्याकाळी एकच चक्कर. कोपऱ्यावरचं मिठाईचं दुकान, मग जिम, मग मेडिकल, आणि शेवटी तलावाच्या पलीकडे झाडाखालचा बाक. "तिथे फोनला रेंज नसते म्हणून मुद्दाम जाऊन बसतात," सासूबाई करवादायच्या. उशीर झाला की गॅलरीत येऊन हाक मारायच्या, "अहो, चहा टाकलाय!" आता तलाव कुठे, आमची गॅलरी कुठे! हाक पोचणं शक्यच नाही. पण चहाला उकळी येईपर्यंत नाना दारात. आम्ही हसायचो.

त्याच नानांना पॅरॅलिसिसचा झटका आला. बोलणं गेलं, हातपाय गेले, राहिले फक्त डोळे. खाली न्यायचं तर उचलायला चार माणसं हवीत, ती रोज आणायची कुठून? दिवसभर दाराकडे बघत पडून राहायचे. त्यांच्या पलंगाशेजारीच टेबल मांडून मी काम करायचे. एकदा त्यांच्या घशात लाळ अडकली होती, तेव्हापासून त्यांना खोलीत एकटं सोडायची माझी हिंमत नव्हती. खरं सांगू? जीव गुदमरायचा. त्यांचाही आणि माझाही.

आणि अशात वाय-फायचं सुरू झालं. रोज संध्याकाळी, नाना डोळे मिटून पडले की लॅपटॉपचं नेट जायचं. राउटर त्याच टेबलावर, वीतभर अंतरावर. माझा मोबाइल त्याच राउटरवर मस्त चालतोय आणि लॅपटॉप मात्र बंद! रीस्टार्ट केलं. ड्रायव्हर अपडेट केला. नेटवर्क विसरायला लावून परत जोडलं. चॅनल बदलला. राउटरसुद्धा नवा आणला. लोकांना दिवसभर जे जे करायला सांगते ते सगळं करून झालं. ढिम्म!

शेवटी आमच्या नेटवर्क टीममधल्या तुषारला लॅपटॉपच्या सिग्नलच्या नोंदी, म्हणजे लॉग, काढायला लावले.

"ताई, एक विचारू का? तुम्ही लॅपटॉप घेऊन खाली-बिली जाता का?"

"डोकं फिरलंय का तुझं? मी जागची हलले नाहीये."

"नाही म्हणजे... लॅपटॉपचं वाय-फाय कार्ड खराब असलं की सिग्नल फटकन जातो. तुमचा हळूहळू कमी होतोय, मग झीरो, मग परत हळूहळू वाढतोय. कोणीतरी लॅपटॉप घेऊन चालत लांब जातंय आणि परत येतंय, असं दिसतंय हे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉपवर आजूबाजूच्या नेटवर्कची यादी उघडूनच बसले. सिग्नल उतरायला लागला तशी आमच्या बिल्डिंगची नावं गेली. मिठाईच्या दुकानाचं नाव आलं. ते जाऊन जिमचं. मग मेडिकलचं. मग काहीच नाही. मला वाटलं, दुकानवाल्यांनी दांडगे राउटर बसवले असतील. तेव्हा डोक्यात ट्यूब पेटलीच नाही.

त्याच आठवड्यात मॅनेजरने तंबी दिली. "आता एक जरी कॉल तुटला, तर सोमवारपासून वाशीला ऑफिसला यायचं." मी ऑफिसला गेले तर नानांजवळ कोण? मी हेल्पडेस्कवाल्यांचा नेहमीचा उपाय केला, सरळ केबल लावली. संध्याकाळी, यादी रिकामी झालेली असतानाच राउटरची तार लॅपटॉपमध्ये खुपसली आणि वाय-फाय बंद करून टाकलं. नेट एकदम पक्कं. तक्रार क्लोज!

त्या रात्री नानांनी पेज गिळली नाही. डोळे उघडे, पण बघत नव्हते. हाक मारली, गालाला हात लावला... काही नाही. सकाळी डॉक्टर घरी येऊन गेले. "बीपी ठीक आहे, नाडी ठीक आहे. पण प्रतिसाद नाही. संध्याकाळपर्यंत असंच राहिलं तर ॲडमिट करू."

दुपारी मॅनेजरचा रिव्ह्यू कॉल. ते बोलतायत आणि मी नानांच्या तोंडाकडे बघतेय. हाताला चाळा म्हणून वाय-फाय चालू केलं. यादी पूर्ण रिकामी! एवढ्या मोठ्या सोसायटीत एक नाव नाही. समोर दिवे लुकलुकणाऱ्या आमच्या राउटरचंसुद्धा नाही.

रेंज नाही. झाडाखालचा बाक.

नाना गेले होते तेव्हाच मी मागून दार लावून घेतलं होतं! तार काढायची काही गरज होती का, माहीत नाही. हात आधी तारेकडेच गेला. मॅनेजर वाक्याच्या मध्येच गायब झाले. गेली नोकरी तर गेली! स्वयंपाकघरात धावले, गॅसवर आधण ठेवलं, गॅलरीत जाऊन जीव खाऊन ओरडले, "नाना, चहा टाकलाय!" खालचा वॉचमन वर बघायला लागला.

परत येऊन बघते तर मेडिकल. मग जिम. मी रडत होते आणि मोठमोठ्याने नावं वाचत होते. मिठाईचं दुकान... आणि मग आमचं नेटवर्क. नानांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि माझ्याकडे बघितलं. चमच्याने चहा पाजला, तो घोट घोट गिळला.

मॅनेजरने बरंच ऐकवलं, तरी वाशीला काही बोलावलं नाही. मग मीच हट्ट धरून माझा टी-ब्रेक नेमका त्या वेळी लावून घेतला. केबल गुंडाळून माळ्यावर टाकली. रोज संध्याकाळी नाना जायचे, मी आधण ठेवून हाक मारायचे, ते यायचे. हळूहळू एका हाकेला येईनात. दोन, तीन मारायला लागायच्या. पाठीला जखमा झाल्या होत्या, नाकात नळी घातली होती. चहासुद्धा आता नुसता ओठांना लावण्यापुरता.

एका संध्याकाळी यादी रिकामी झाली. मी पातेलं गॅसवर ठेवलं. लायटर हातात धरून नानांकडे वळून बघितलं. इतका सैल, निवांत चेहरा मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता. फार रडू आलं. म्हटलं, कशासाठी बोलावतेय मी या माणसाला? या पलंगावर पडायला?

लायटर ठेवून दिला. "बसा नाना, सावकाश," म्हटलं, आणि त्यांचा हात धरून बसले. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेले.

तुषार म्हणतो कार्डच खराब असणार. असेल बाई. लॅपटॉप तोच आहे, कार्ड तेच, जागाही तीच, आणि त्या दिवसापासून नेट एकदाही गेलेलं नाही. कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, फक्त ड्रायव्हर अपडेट करा म्हणू नका.

चहाच्या वेळी मी अजून ती यादी उघडून बघते. सगळी आमच्याच बिल्डिंगची नावं असतात.