आठशे एकरांचा फेरफार

कॅनडातल्या वॉटर्लू शहरात एका छोट्या वकिली ऑफिसात मी क्लार्क आहे. जमिनीच्या जुन्या नोंदी चाळून मालकीची साखळी जुळवणं हे माझं काम. त्या वर्षी उन्हाळ्यात बाबा नागपूरहून माझ्याकडे आले होते. बाबा म्हणजे निवृत्त तलाठी. सातबारा आणि फेरफार, म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी, यांत त्यांची तीस वर्षं गेलेली. इथे आल्यावर चौथ्या दिवशीच ते कंटाळले. शेजाऱ्यांची कुंपणं सरळ रेषेत आहेत की नाहीत, हे बाल्कनीतून बघत बसायचे.

त्याच सुमारास ऑफिसात एक आजीबाई आल्या. वय ब्याऐंशी, पण हातात काठी नाही. सोबत त्यांची नात, पायात शेणाने माखलेले बूट, ते तिने दाराबाहेरच काढले. आजीबाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. एक, त्यांच्या शेताच्या मालकांची पहिल्यापासूनची यादी. ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळं कुटुंब जमणार होतं, तेव्हा ती गोठ्याच्या भिंतीवर लावायची होती. दुसरं, मृत्युपत्र. शेत नातवाच्या नावावर करायचं. नातू ओकव्हिल शहरात राहायचा, तिथल्याच एका ऑफिसात नोकरी करायचा.

“आणि आता शेत कोण बघतं?” मी विचारलं.

“ही बघते,” आजीबाईंनी नातीकडे बोट दाखवलं. “साठ गाई एकटी सांभाळते. पण आमच्या घराण्यात जमीन पुरुषांकडेच गेलीय. माझ्या आजोबांनी घेतली, वडिलांना दिली. मला मिळाली ती भाऊ नव्हता म्हणून.”

नात खिडकीबाहेर बघत राहिली.

मी कामाला लागले. सुरुवात सोपी होती. सरकारने एका लष्करी अधिकाऱ्याला आठशे एकर बक्षीस दिले होते. त्याने बहुधा ते कधी पाहिलेही नसावेत, कारण सगळ्या कागदांवर त्याच्या सह्या दूरच्या शहरातून केलेल्या होत्या. मग एका पिठाच्या गिरणीवाल्याने ती जमीन घेतली, तिचे तुकडे केले. त्यातले एकशे नव्वद एकर एका शेतकऱ्याकडे आले. पुढची नोंद थेट आजीबाईंच्या वडिलांची, मृत्युपत्राने मिळाल्याची. मृत्युपत्र करणाऱ्याच्या रकान्यातली शाई पसरून डाग पडला होता. आजोबांचंच नाव असणार, असं धरून मी यादी पुरी केली आणि छापील कागद घरी नेले. म्हटलं, बाबांना गंमत वाटेल.

बाबांनी चष्मा लावला. चहा निवला तरी मान वर केली नाही.

“काहून गं, हा फेरफार कुठाय?”

“कुठला?”

“शेतकऱ्याकडून आजोबांकडे जमीन आली कशी? खरेदी की वारसा? मधली एक नोंद सुटलीय बेटा. जमीन उडी मारत नसते.”

“बाबा, हे जुनं रजिस्टर आहे. राहिली असेल.”

“राहत नसते. दुसऱ्या पानावर जाते. शेजारच्या जमिनीचा गट बघ.”

दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या गटाचं पान उघडलं. नोंद तिथे होती, कुणा कारकुनाने चुकून एक पान पुढे लिहिलेली. मूळ खरेदीखत मागवलं. खरेदीदार एक बाई होती. नावापुढे लिहिलं होतं, ‘अविवाहित’. सोबतच्या प्रतिज्ञापत्रात शेतकऱ्याच्या मुलीने सांगितलं होतं की ही बाई आमच्या घरी बारा वर्षं कामाला होती आणि वडिलांच्या आजारपणात शेत हिनेच चालवलं. मृत्युपत्रही सापडलं. तेही त्याच बाईचं, लग्नानंतर केलेलं, ‘माझ्या मुलाला’ असं लिहिलेलं. तिच्या नवऱ्याचं नाव मालक म्हणून एकाही कागदावर नव्हतं.

बाबा हट्टाने माझ्यासोबत शेतावर आले. आजीबाईंच्या स्वयंपाकघरात मी कागद टेबलावर मांडले. त्यांनी नावावर बोट ठेवलं, ओठ हलवत वाचलं.

“ही माझी आजी,” त्या हळूच म्हणाल्या. “लग्नाआधीचं आडनाव आहे हे. आजोबा नंतर इथे मजूर म्हणून आले होते, एवढं मला ठाऊक होतं. पण शेत तिचं होतं?”

“शेवटपर्यंत,” मी म्हटलं.

त्या आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा एवढ्या जोरात हसल्या की गोठ्यातून नात धावत आली. आजीबाईंनी तिला कागद दाखवला आणि म्हणाल्या, “मृत्युपत्र बदलायचंय. आजच.”

नात म्हणाली, “आजी, त्याला आधी विचार तरी.”

तिने लगेच फोन लावला, स्पीकरवर. नातू म्हणाला, “देवाचे आभार! मला गाईंची भीती वाटते, हे तुला सांगायची हिंमत नव्हती गं आजी.” फोनवरचं भरभर इंग्रजी बाबांना मी भाषांतर करून सांगितलं, तर तेही खुर्चीत मागे रेलून हसत सुटले.

थँक्सगिव्हिंगच्या दुपारी गोठ्याच्या भिंतीवर यादी लागली. पहिली ओळ आजीबाईंनी स्वतः सांगून लिहून घेतली होती: ‘सरकारने वाटण्याआधी ही जमीन इथल्या मूळ लोकांची होती. त्यांच्याकडून ती कशी घेतली, याचा कागद आमच्याकडे नाही.’ मग अधिकारी, गिरणीवाला, शेतकरी आणि मोठ्या अक्षरांत ती अविवाहित बाई. नातीने सगळी यादी मोठ्याने वाचली. आजीच्या आजीच्या नावाशी आली तेव्हा चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. ओकव्हिलच्या नातवाने सगळ्यात जास्त.

मग कुणीतरी फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, वाजवायला सुरुवात केली. आजीबाईंनी बाबांपुढे हात केला. बाबांनी माझ्याकडे घाबरून पाहिलं, पण उठले. इथल्या नाचाची पावलं त्यांना कुठली येणार! दोनदा आजीबाईंच्या बुटावर पाय दिल्यावर त्यांनी शाळेत शिकलेल्या लेझीमची पावलं टाकायला सुरुवात केली: दोन पुढे, एक मागे, वाकून वर. ती फिडलवर चपखल बसली. आजीबाईंनी उचलली, मग नातीने, मग नातवाने, आणि बघता बघता सगळा गोठा एका ओळीत वाकत-उठत नाचू लागला.