भवानीआधीचं पाणी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. ताईला तर नाहीच नाही. तुला सांगतोय, कारण तू आमच्या घरातला नाहीस. आणि चार वर्षं हे पोटात ठेवून मला आता जेवण गोड लागत नाही, खरंच.

मी नाहूरला राहतो, ऑफिसात फायली बघतो, आणि रविवारी गळ घेऊन मासे धरायला जातो. आमच्यासारख्यांचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. एप्रिल लागला की सगळ्यांना उपदेश करणारा मीच. टोपी घाला, मीठ-साखरेचं पाणी न्या, दर अर्ध्या तासाला दोन घोट घ्या, तहान लागायची वाट बघू नका. लोक धडाधड अंगठे पाठवतात. एकाने तर लिहिलं, दादा, तुमच्यासारखी काळजी कोणी घेत नाही. ते वाचून मी मोबाइल उलटा ठेवला. हसू येत होतं की किळस — माझं मलाच कळेना.

भावोजींबद्दल सांगायला हवं. म्हणजे ताईचे मिस्टर. गोरेगावला राहतात. घाटावरचे, घरात अंडंसुद्धा न शिजवणारे. लग्नाला आमच्या बाबांचा कडक विरोध होता. आम्ही मालवणकडचे, बाबा गिरणीत होते, आणि माशाशिवाय त्यांचा घास उतरायचा नाही. जावयाला बांगडा चालत नाही म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला होता. पण या माणसाने काय करावं? ताईसाठी मासे खायला शिकला. मग बाबांसाठी काटे काढून द्यायला शिकला. बाबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची दाढी करायला दर आठवड्याला गोरेगावहून नाहूरला कोण यायचं? भावोजी. मी त्याच घरात होतो. मला ऑफिस होतं — बघ, लगेच कारण सांगायला लागलो.

बाबा जायच्या महिनाभर आधी त्यांनी त्यांचा गळ काढायला लावला. बांबूची जुनी काठी, मुठीला सुतळी गुंडाळलेली. मला वाटलं, आता माझ्या हातात देणार. त्यांनी ती भावोजींना दिली.

मी हसत टाळ्या वाजवल्या. आतून जळून खाक झालो होतो.

बाबा गेल्यावर भावोजी म्हणाले, सुनील, मला शिकव रे, नुसती काठी भिंतीला लावून काय करू? मी शिकवलं. आमिषाला कोळंबी कशी लावायची, दोरा कसा सोडायचा, भरतीची वेळ कशी बघायची. आणि त्यातच एक दिवस — मस्करीत, देवाशप्पथ, पहिल्यांदा मस्करीतच — एक नियम सांगितला. म्हटलं, भावोजी, आमच्याकडे भवानी झाल्याशिवाय पाणी प्यायचं नसतं. दुकानदाराची पहिल्या गिऱ्हाइकाने भवानी होते ना, तशी आपली पहिल्या माशाने. ज्याने त्याने आपला मासा काढायचा, मगच आपल्या बाटलीला हात लावायचा. बाबांनी आयुष्यभर पाळलंय. आणि हे बायकांच्या कानावर घालायचं नसतं.

ते शेवटचं वाक्य मस्करीचं नव्हतं. ताईच्या कानावर गेलं असतं तर तिने मला तिथल्या तिथे झोडलं असतं, म्हणून ते जोडलं होतं.

भावोजींनी मान डोलवली. इतक्या गंभीरपणे, की माझी मस्करी तिथेच मोडायला हवी होती. पण मला मजा वाटली. बाबांची काठी मिळाली ना तुम्हाला? मग पाळा बाबांचा नियम! थंडीत दोन-तीनदा गेलो, त्यांना लवकर काहीतरी लागायचं, काही बिघडलं नाही. मी आपला मनातल्या मनात खूश.

मग मे महिना आला. मार्वेहून बोटीने पलीकडे मनोरीला उतरलो आणि खडकांवर जाऊन बसलो. सावली नावाला नाही. दगड एवढे तापलेले की बूड टेकवत नव्हतं. ताईने भावोजींना दोन बाटल्या दिल्या होत्या, एक पाण्याची आणि एक कोकम सरबताची, मीठ-जिरं घालून. त्यांना शुगर होती. मला ते माहीत होतं.

मला अर्ध्या तासात पहिला मासा लागला, शेंगटी. मी बाटली उघडली आणि त्यांच्यासमोर घटाघटा प्यायलो. दुसरी शेंगटी लागली, परत प्यायलो. त्यांना काही म्हणता काही लागेना. दहा वाजले, अकरा वाजले. मधेच त्यांनी विचारलं, “सुनील, एक घोट चालेल का रे?”

इथे मी काय म्हणालो ते ऐक. सगळं सांगायचं ते एवढ्यासाठीच.

मी म्हणालो, “तुमची मर्जी, भावोजी. बाबा असते तर काय म्हणाले असते, तुम्हीच बघा.”

त्यांनी बाटली परत पिशवीत ठेवली.

त्यानंतर मी बघत होतो. बघत नव्हतो असं म्हणणं सोपं आहे, पण मी बघत होतो. त्यांचा घाम थांबला. ओठ पांढरे पडले. रिकामाच दोरा गुंडाळून परत परत टाकत होते, टोकाला कोळंबी नाही हेही कळत नव्हतं. माझ्या डोक्यात काय आलं माहितीये? आलं, की अजून थोडं होऊ दे. स्वतःच म्हणू दे, सुनील, मला हे जमत नाही, घे तुझी काठी. अर्धा तास मी त्या वाक्याची वाट बघितली. ते वाक्य आलंच नाही. ते बसल्या जागी कलंडले.

मग धावाधाव. माझी बाटली रिकामी होती. त्यांच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं. खालच्या कोळीवाड्यातल्या एका मावशीने ओली चादर आणली, दोघातिघांनी उचलून बोटीत घातलं. हॉस्पिटलात उष्माघात सांगितला. माणूस वाचला. किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाचं पाणी मोजून.

हॉस्पिटलात ताईने पिशवी उघडली तेव्हा सरबताची बाटली जशीच्या तशी भरलेली निघाली. ती माझ्यासमोर रडली. म्हणाली, एवढं करून दिलं रे, हातसुद्धा लावला नाही! डॉक्टरांनी विचारलं, पाणी का नाही प्यायलात? ताई उशाशी होती, मी पायाशी उभा होतो. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, तहानच लागली नाही. बायकांना सांगायचं नसतं, मी सांगितलं होतं ना — तो माणूस ते तिथेही पाळत होता. आणि मी? मी डॉक्टरांना म्हटलं, हो, ते मुळात पाणी कमीच पितात.

बाबांचा नियम खरा काय होता, तेही सांगून टाकतो. आम्ही लहानपणी त्यांच्याबरोबर जायचो तेव्हा ते गळाला हात लावू द्यायचे नाहीत. पितळेचा तांब्या पुढे करायचे. “आदी पाणी पी, मगे गळ टाक.” त्यांच्यासमोर तो तांब्या संपवावा लागायचा. माझ्या बापाने जे सांगितलं, ते मी उलटं करून त्याच्या जावयाला त्याच्याच नावाने विकलं.

गेल्या रविवारी गोरेगावला गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन. ताईने मला कोकम सरबताचा मोठा ग्लास दिला, वर बर्फ. भावोजींना स्टीलच्या वाटीत चार घोट पाणी. त्यांनी वाटी तोंडाला लावली, संपली तरी थोडा वेळ तशीच धरून ठेवली. ताई म्हणाली, “बघ, आता कसे मागतात. तेव्हा भरलेली बाटली होती बाजूला, तेव्हा हट्ट.” चार वर्षं ती हेच म्हणते. आता पहिल्यासारखी चिडून नाही, सवयीने.

भावोजी म्हणाले, “माझंच चुकलं गं.”

काठी त्यांच्यामागे भिंतीला टेकवलेली होती. ते माझ्याकडे बघून हसले. आपल्या दोघांतलं गुपित आहे आणि ते आपण सांभाळलंय, असं हसले.

मी मान खाली घातली आणि पूर्ण ग्लास प्यायलो.