चार पॉईंट पुढं होतो, तरी हरलो!

सौंसरवाल्यांनो, लोधीखेड्याहून आताच घरी आली. डोकं अजून गरम आहे. पोरींच्या कबड्डी फायनलमध्ये आपण पांढुर्ण्याशी एका पॉईंटनं हरलो.

पाच मिनिटं उरली होती, आपण चार पॉईंट पुढं होतो. अन् आपले कोच बाहेरून ओरडून राहिले, "कोणाले शिवू नका, टाइम काढा!" पोरी रिकाम्या वापस येऊन राहिल्या.

पण लागोपाठ दोन रेड रिकाम्या गेल्या की तिसऱ्या रेडमध्ये पॉईंट आणावाच लागते, नाही तर रेडर आउट. त्या तिसऱ्या रेडले आपल्या टीमच्या वैशालीले पाठवलं. समोरच्या साऱ्या तिचीच वाट पाहून राहिल्या होत्या. तिले पकडलं अन् मग आपली टीमच ढासळली.

मॅच संपल्यावर कोच सर तिच्यावरच ओरडले, "तुझ्यामुळं हरलो!"

मी मधात पडली. "सर, पोरींचे हात बांधले कोणी?"

"बाई, तुम्हाले कबड्डीतलं काय समजते?"

"कॉलेजात तीन वर्षं रेडर होती मी!"

सर गाडीत बसून निघून गेले.

उद्या सकाळी प्रॅक्टिस आहे. वैशाली म्हणते, "काकू, मी आता येत नाही." तिले घरून आणाले मी जाऊन राहिली. सोबत कोण कोण येते, सांगा.