जीपवाल्याचा नंबर

त्या दिवशी सभागृहात मी हसले. बाकीचे चाळीस जण हसले म्हणून मीही हसले. आम्हाला हसवणाऱ्या त्या माणसाचा राग मला आजही येतो आणि त्याबद्दल मी पुढे लिहिणारच आहे. पण सुरुवात माझ्या हसण्यापासून करायला हवी, नाहीतर मीही त्याच्यासारखीच सोयीचं तेवढं सांगणारी ठरेन.

जव्हारच्या बाजारात माझं छोटं दुकान आहे. नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड, लाडू, बिस्किटं. नागली मी दाभोशाच्या एका बाईकडून घेते. वयाने माझ्याएवढीच, पण पहिल्या दिवसापासून मी तिला वहिनी म्हणते आणि ती मला ताई. तिचं घर धबधब्याच्या रस्त्याला लागून जो पाडा आहे, त्याच्या अगदी टोकाला. पावसाळ्यात पोती आणायला मी स्वतः जायचे, आणि गेले की ती जेवल्याशिवाय सोडायची नाही. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, ओल्या मिरचीचा ठेचा. चुलीपुढे बसून गरम भाकरी खाताना मी एकदा म्हणाले, "वहिनी, धबधबा बघायला एवढी माणसं येतात आणि वेफर खाऊन परत जातात. तू जेवण का नाही देत?"

ती म्हणाली, "दिवाळी झाली का आम्ही जगायला जातो. मंग चूल कोण पेटवील?"

जगायला जातो. आमच्याकडे असंच म्हणतात. भात कापून झालं, दिवाळी झाली की भांडी, गोधड्या, कोंबड्या जीपमध्ये भरायच्या आणि वसई-भिवंडीकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत. गावात राहतात ती म्हातारी माणसं. मी लहानपणापासून हा शब्द ऐकत आले, पण त्याचा अर्थ त्या दिवशी तिच्या तोंडून ऐकताना टोचला. जगायचं असेल तर घर सोडायचं, एवढा सरळ हिशेब. तिची सासू थकली होती आणि मुलगी आश्रमशाळेत होती. वहिनीला एकच गोष्ट हवी होती, एका तरी दिवाळीनंतर त्या जीपमध्ये भांडी भरावी लागू नयेत.

मी मोबाइल चालवू शकते, एवढीच माझी विद्या. मी तिचं घर मोबाइलच्या नकाशावर टाकलं. भाकरीचा फोटो काढला, पळसाच्या पानावर वाढलेल्या कोंबडीच्या रश्शाचा काढला, नाव लिहिलं, "घरगुती जेवण, आधी सांगावे लागेल." मग नंबराची जागा आली.

तिच्या पाड्यात रेंज नाही. रेंज येते ती वरच्या खिंडीत. म्हणून तिकडे एक रीत आहे. साऱ्या पाड्याचा नंबर म्हणजे जीपवाल्याचा नंबर. दवाखान्यात विचारला तर तोच, शाळेत तोच, लेकीच्या सासरी तोच. दाभोसा ते जव्हार तो दिवसातून तीन खेपा करतो, खिंडीत पोचला की मोबाइलवर साचलेलं सगळं येतं, आणि परतताना ज्याचा निरोप असेल त्याच्या वळणावर तो दोनदा लांब हॉर्न देतो. एकदा हॉर्न म्हणजे प्रवासी आहे का, दोनदा म्हणजे निरोप आहे. आणि निरोप म्हणजे निरोप. चांगला असो, वाईट असो, तो आपल्यापाशी ठेवायचा नाही, जसा आला तसा पोचवायचा. एकदा कुणाच्या तरी भावाने शिव्या कळवल्या होत्या, त्याही त्याने वळणावर उभं राहून शब्दाला शब्द पोचवल्या आणि शेवटी "माझं काय नाय हो" म्हणून पुढे गेला.

तर मी त्याचाच नंबर लिहिला आणि खातंही त्याच नंबरावर उघडलं. आणि गंमत म्हणजे ते चाललं. झकास चाललं. नाशिकहून, ठाण्याहून निघालेली माणसं आदल्या दिवशी फोन करायची, जीपवाला विडीच्या पाकिटावर लिहून घ्यायचा, वळणावर दोनदा हॉर्न वाजायचा. "वहिनी, उद्या सात जणं. तिघं कोंबडी खात नाय." वहिनी त्यावर नागली दळायला बसायची. जेवून गेलेले लोक नकाशावर तारे देऊन जायचे आणि लिहायचे की असं जेवण आयुष्यात खाल्लं नाही. मी ते खिंडीत उभी राहून जीपवाल्याला वाचून दाखवायचे आणि तो ते वळणावर पोचवायचा. वहिनीने पंधरा माणसांचं मोठं पातेलं घेतलं. त्या वर्षी दिवाळी झाली, जीप भरून माणसं गेली, आणि ती गेली नाही. मी मुद्दाम बघायला गेले होते. सगळा पाडा सुनासुना आणि एकाच घरातून धूर. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या दुकानाच्या उद्घाटनालाही झाला नव्हता.

मग उन्हाळ्यात ते प्रशिक्षण झालं. छोट्या व्यावसायिकांसाठी, फुकट. तिथेच मला शंका यायला हवी होती. बाहेरून आलेला माणूस, कॉलरला माइक, मागे पडद्यावर आलेख वर वर जाणारे. सर्चमध्ये पहिल्या पानावर कसं यायचं, लोक "माझ्या जवळ" असं लिहून शोधतात तेव्हा आपणच कसे दिसायचं, कीवर्ड कुठे टाकायचे. खोटं कशाला बोलू, त्यातलं बरंच खरं होतं आणि मी वहीत उतरवूनही घेतलं. शेवटी त्याने विचारलं, कुणाचं लिस्टिंग आधीपासून आहे? मी मोठ्या तोऱ्यात हात वर केला. त्याने वहिनीचं पान मोठ्या पडद्यावर लावलं. तिची भाकरी भिंतीएवढी झाली. मग त्याने नंबर पाहिला, कुणाचा म्हणून विचारलं, आणि मी सांगितलं.

"जीप ड्रायव्हरचा? म्हणजे ग्राहक जीपची वाट बघणार?" तो माइकमध्ये म्हणाला, आणि सभागृह हसलं. जव्हारचीच माणसं. ज्यांच्या स्वतःच्या मावश्या-आत्यांना निरोप त्याच जीपमधून जातात, ती हसली. आणि मी, जिने ते चालताना डोळ्यांनी पाहिलं होतं, ती मान खाली घालून हसले. लाज वाटली मला. आपलं गावंढळ काहीतरी चारचौघांत उघडं पडल्याची लाज.

तो म्हणाला, असले तारे आणि असले फोटो असून हे पान वाया जातंय. फोन लगेच उचलायला हवा, लोकांच्या शेऱ्यांना उत्तरं द्यायला हवीत, नाहीतर नकाशा खाली ढकलतो. मी सांभाळून देतो, ताई, काही द्यायचं नाही, आदिवासी भगिनीसाठी एवढं तर करू. आणि भगिनी हा शब्द ऐकून सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी हो म्हणाले. वहिनीला मी नंतर सांगितलं. आधी विचारायला हवं होतं हे मला आत्ता लिहिताना कळतंय असं नाही, तेव्हाही कळत होतं.

दोन दिवसांनी त्याने माझं नाव सांगून जीपवाल्याला फोन केला. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, ते सांगा. जीपवाला खिंडीत गाडी थांबवून उभा. आकडे आले, त्याने वाचले. मी त्याला नंतर ओरडले की असे आकडे कुणाला सांगू नयेत हे आता शेंबडं पोरही जाणतं. तो म्हणाला, "ताई, निरोप आला तो पोचवला. माणूस तुझ्याच वळखीचा. मी मधी कोण?"



पावसाळा लागला. धबधबा भरून वाहायला लागला, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि वळणावर हॉर्न एकदाच वाजायचा. वहिनी दोन आठवडे रोज नागली दळून ठेवत होती. मग दळायची थांबली. तिला वाटलं जेवणात काही चुकलं. मला विचारते, "ताई, मागच्या टायमाला मीठ जास्त झालं व्हतं का?" मी म्हटलं, तसं काही नाही, पाऊस जास्त आहे. खोटं बोलले. कारण तोवर मी माझा मोबाइल उघडून पाहिलाच नव्हता. माणूस सांभाळतो म्हणाला होता ना.

जुलैच्या शेवटी तिच्या घरून परतताना मी खिंडीत उतरले आणि तिचं पान शोधलं. फोटो तेच. पळसाचं पान तेच, भाकरी तीच, भाकरीच्या कडेला वहिनीच्या बांगड्यांचा हात तोच. तारे तेच, आयुष्यात असं जेवण खाल्लं नाही हेही तसंच. वर नाव मात्र एका नव्या रिसॉर्टचं आणि नंबर परका. नकाशावर मी टाकलेल्या खुणेची जागाही घसरत चार किलोमीटर पलीकडे गेलेली. मी त्या नंबराला फोन लावला. म्हटलं, दाभोशाला एक बाई घरी जेवण द्यायच्या, त्या हव्यात.

"ते बंद झालं मॅडम," पलीकडचा आवाज म्हणाला, अगदी गोड. "तिथे स्वच्छता पण नव्हती. आमच्याकडे या ना."

माझ्या जिभेवर अजून तिच्या वरणाची चव होती. आयत्या बिळात नागोबा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिली होती. नागोबा निदान बिळाला घाण तरी म्हणत नाही. मी त्या खिंडीत उभी राहून त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. त्याने फोन ठेवला आणि माझा नंबर अडवून टाकला. प्रशिक्षण देणाऱ्याला लावला तर तो म्हणाला, तुमची पार्टी प्रतिसाद देत नव्हती, म्हणून लिस्टिंग ट्रान्सफर झालं, सिस्टिमच तशी आहे. पार्टी! जिने सात माणसांसाठी पहाटे उठून भाकऱ्या थापल्या ती पार्टी, आणि ही चोरी म्हणजे सिस्टिम.

मी नकाशावाल्या कंपनीकडे तक्रार केली. पान परत हवं तर हा धंदा खरंच आहे हे सिद्ध करा, असं उत्तर आलं. एकसलग व्हिडिओ काढा, त्यात रस्ता, पाटी, दार आणि आतलं काम दिसू द्या, आणि तो त्याच जागेवरून पाठवा. आता जिथे चूल आहे तिथे रेंज नाही, आणि जिथे रेंज आहे तिथे चूल नाही. मी पत्र्याची पाटी रंगवून घेतली. वहिनी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली, मी व्हिडिओ काढला, धावत खिंड चढले, पाठवला. जागा जुळत नाही म्हणून नाकारला. पुन्हा काढला. घर क्रमांक दिसत नाही म्हणून नाकारला. पाड्यात घराला क्रमांक कोण घालतो? तिसऱ्यांदा कारणही दिलं नाही. वहिनी दर वेळी तेच लुगडं नेसायची आणि पदर नीट करून विचारायची, "आता दिसली का मी त्यांना?"

चिखलात पाय रुतवून खिंड चढताना मला एकच वाटत होतं. भट्टीवरच्या मुकादमाला ही बाई बरोबर सापडते. त्याला ना पाटी लागते ना घर क्रमांक. दिवाळीच्या आधी महिनाभर तो दारात उभा असतो आणि मजुरीची आगाऊ उचल हातावर ठेवतो. हिच्या हातचं खायला निघालेल्या माणसालाच ही सापडू नये, अशी काय जादू आहे या यंत्रात? शिकवायला आलेल्याने ही जादू मात्र पडद्यावर दाखवली नाही.

दिवाळी झाली. मी राहिलेली नागली आणायला गेले त्याच दिवशी जीप वळणावर थांबली. हॉर्न दोनदा नाही, एकदाच. वहिनीचा नवरा गोधड्या टपावर बांधत होता. म्हातारी ओट्यावर बसून होती, कुणाकडे बघत नव्हती. वहिनीने पंधरा माणसांचं ते पातेलं माझ्यापुढे आणून ठेवलं. "भट्टीवर एवढं मोठं काय करू? तुझ्याकडं ठेव." मी नको म्हणाले, मग घेतलं. जव्हारपर्यंत आम्ही एकाच जीपमध्ये होतो. ती मागे भांड्यांमध्ये, मी पुढे, मांडीवर पातेलं.

खिंडीत जीप पोचली आणि जीपवाल्याचा फोन वाजला. मागच्या वर्षी जेवून गेलेलं एक कुटुंब होतं. त्यांनी नकाशात शोधलंच नव्हतं, जुना नंबर लिहून ठेवला होता. जव्हारला पोचतोय, पाच जण आहोत, आज जेवण मिळेल का?

त्याने गाडी बाजूला घेतली. फोन हातात धरला आणि मागे वळला. मला वाटलं, आज तरी हा निरोप त्याने गिळावा. आयुष्यात एकदा. पण त्याची रीत त्याने सोडली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "पाच जणं हायत. जेवायचं इचारतात."

तिने माझ्या मांडीवरच्या पातेल्याकडे पाहिलं. मग टपावर बांधलेल्या गोधड्यांचा सुटलेला दोर तिने आत ओढून घट्ट केला आणि म्हणाली, "सांग त्यांना, बंद झालंय."

त्याने तसंच सांगितलं, शब्दाला शब्द.